गोलकीपरच्या मनगटावरची पट्टी

आमच्या फुटबॉल क्लबच्या खोलीत त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. दारात दाटी, खिडकीत डोकी, चहाच्या टेबलावर दोघं चढून उभे. मधोमध थोडी जागा मोकळी ठेवली होती आणि तिथे गावातला सगळ्यात धिप्पाड माणूस, फर्निचर पोचवणारा हमाल, पाय जुळवून, हात पसरून उभा होता. हा गडी एकटा कपाट पाठीवर घेऊन जिने चढतो. त्याच्यासमोर निळ्या ट्रॅकसूटमधले एक किरकोळ अंगाचे गृहस्थ. त्यांनी हमालाच्या तळहातावर दोन बोटं टेकवली, जरासा दाब दिला आणि तो आडदांड माणूस शेजारच्या खुर्च्यांवर जाऊन आदळला.

मग गृहस्थांनी खिशातून एक काळी रबरी पट्टी काढून त्याच्या मनगटात चढवली आणि पुन्हा हात पसरायला सांगितलं. या वेळी आधी दोन बोटं, मग पंजा, मग दोन्ही हात. शेवटी गृहस्थ त्या हाताला जवळजवळ लोंबकळले. हमाल जागचा हलला नाही.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारा मी होतो.

आता मी कोण ते सांगायला हवं. माझं औषधांचं दुकान आहे. कुणी मंतरलेल्या पाण्याचं नाव काढलं तर मी गोळ्या बाजूला ठेवून आधी त्याला व्याख्यान देतो. वाचनालयात ‘डोळे उघडे ठेवा’ या विषयावर माझं भाषण झालेलं आहे. बायको शाळेत विज्ञान शिकवते. त्या भाषणाला ती पहिल्या रांगेत बसून उत्तरपत्रिका तपासत होती. थोडक्यात, बुद्धिवादी म्हणून गावात माझं नाव आहे. फुटबॉलच्या बाबतीत मात्र मी सामन्याच्या आठवड्यात नखं कापत नाही. याला मी अंधश्रद्धा म्हणत नसे. सवय म्हणत असे.

आणि हा सामना साधा नव्हता. आमचा क्लब सगळ्यात खालच्या लीगमधला. सेंटर फॉरवर्ड वायरमन आहे, बचावफळीत लाँड्रीवाले दोघं भाऊ आहेत. कपच्या स्पर्धेत कसेबसे पुढे सरकलो आणि चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा समोर आला थेट वरच्या लीगमधला संघ. ज्यांना आम्ही टीव्हीवर पाहतो ते अकरा जण आमच्या मैदानावर, आमच्या गळक्या नळाखाली पाय धुणार होते. चिठ्ठी निघाल्यापासून गावाला दुसरा विषय नव्हता. औषध घ्यायला आलेला माणूस औषध विसरून माझ्याशी कॉर्नर किकवर बोलत बसे, आणि मीही त्याला आठवण करून देत नसे.

अडचण एकच होती. आमचा गोलकीपर म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा. बेकरीत कामाला आहे, हात लांबलचक, आणि चेंडू कुठे येणार हे त्याला चेंडूच्या आधी कळतं. मागच्या फेरीत पेनल्टी अडवताना तो खांद्यावर पडला आणि खांदा निखळला. हाडांच्या डॉक्टरांनी तो बसवला, हात झोळीत अडकवला आणि स्पष्ट सांगितलं की हा सामना विसर. पुन्हा तसाच पडलास तर खांद्याला निखळायची सवय लागेल, मग खेळच काय, भट्टीतला ट्रेसुद्धा उचलता येणार नाही. राखीव गोलकीपर होता शाळेच्या बसचा ड्रायव्हर. माणूस सोन्यासारखा, पण चाळिशी उलटलेली, आणि चेंडूकडे तो लाल सिग्नलकडे बघावं तसा बघत थांबून राही.

नेमक्या याच वेळी हे ट्रॅकसूटवाले सर गावात उगवले. सर म्हणा, असं त्यांनीच सांगितलं. कपाळाला काही लावलेलं नाही, गळ्यात माळ नाही, हातात घड्याळ आणि तोंडात विज्ञान. “शरीर म्हणजे लहर. लहर म्हणजे कंपन. कंपन बिघडलं की तोल गेला. ही पट्टी कंपनाला शिस्त लावते. यात देव नाही, श्रद्धा नाही. तुम्ही विश्वास ठेवा, नका ठेवू, ती काम करते. सगळं क्वांटम आहे.” क्वांटम म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. ते माहीत नाही हे खोलीत कुणाला कळू नये म्हणून मी जाणकारासारखी मान डोलावली. माझी मान डोललेली पाहून बाकीच्यांच्या डोलल्या. औषधवाल्यांना पटलंय म्हटल्यावर आणखी काय हवं?

मग सरांनी भाच्याला पुढे बोलावलं. दुखरा हात झोळीतून काढून आडवा धरायला लावला. मनगटावर हलकेच दाबलं. हात खाली गेला, भाच्याचा चेहरा पिळवटला. मग पट्टी चढवली, पुन्हा दाबलं, आणि हात तसाच राहिला. भाचा आपल्याच हाताकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगायचं तर माझ्याही आलं. आम्ही झोळी तिथेच टेबलावर ठेवून घरी आलो.

पुढचे दिवस पट्ट्या हातोहात खपल्या. लाँड्रीवाल्या भावांनी प्रत्येकी दोन घेतल्या, मीही एक मनगटात चढवली. भाचा रोज सरावाला जाऊ लागला. खांदा ठणकायचा, तेव्हा मी त्याला दुकानातल्या वेदनाशामक गोळ्या देई, पट्टीचा जम बसेपर्यंत म्हणून. गोळी घेतली की दुखणं कमी होई, आणि आम्ही दोघं पट्टीकडे कौतुकाने बघत असू. एकदा मी त्याला बेकरीत पाहिलं. वरच्या फळीवरचा डबा तो डाव्या हाताने, चवड्यांवर उभं राहून काढत होता. उजवा हात पोटाशी धरलेला. मी पाव घेतला आणि निघून आलो. सामना तोंडावर आला होता.

घरी बायकोने विचारलं की डॉक्टर काय म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टरांना कंपनांचं काही ठाऊक नसतं. तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. वर्गात चुकीचं उत्तर आत्मविश्वासाने देणाऱ्या मुलाकडे ती अशीच बघत असणार.

भाचा आला तेव्हा तिने आम्हा दोघांना बसवून घेतलं, क्लबच्या खोलीत काय काय झालं ते बारकाईने विचारलं. मग मला उभं केलं, हात पसरायला लावला, तळहातावर दाबलं, आणि मी सोफ्यावर पडलो. मग स्वयंपाकघरातून बरणीच्या झाकणाची रबरी रिंग आणून माझ्या मनगटात घातली. पुन्हा दाबलं. मी खांबासारखा उभा.

“आता बोला,” ती म्हणाली.

माझ्यावर पट्टीचा जुना परिणाम उरला असेल, असं मी बोललो. हे वाक्य माझ्याच तोंडून बाहेर पडलं, आणि त्या क्षणी मला ते अगदी शास्त्रीय वाटलं होतं. भाच्याने मात्र शांतपणे सांगितलं, “मामी, माझा खांदा मला कळतो. मी खेळणार.”

ती वाद घालत बसली नाही. सरांनाच विचारू, एवढंच म्हणाली.

सामन्याच्या आदल्या दिवशी सरांचा शेवटचा प्रयोग होता. बायको गेली, खोलीभर लोकांसमोर तिने सरांना अतिशय नम्रपणे शंका विचारल्या. पट्टीवर बाही आली तर चालते का? चालते. वरून बँडेज बांधलं तर? सर हसले, कंपनं भिंतीतून जातात, बँडेजचं काय घेऊन बसलात. बांधणाऱ्याचा विश्वास नसला तर? फरक पडत नाही, हे विज्ञान आहे. तिने हे सगळं सरांकडून लोकांसमोर वदवून घेतलं आणि मग पाच जणांना घेऊन कपडे बदलायच्या खोलीत गेली. आत तिने प्रत्येकाला डोळे मिटायला लावून मनगटावर माझ्याच दुकानातलं जाड बँडेज गुंडाळलं. काहींच्या बँडेजखाली खरी पट्टी होती, काहींच्या खाली बरणीची रिंग. कुणाच्या मनगटावर काय आहे ते तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ती आतच थांबली. बाहेर सरांनी फक्त नेहमीसारखं दाबायचं आणि पट्टी कुणाकडे आहे ते सांगायचं.

पहिला हमाल. सरांनी जरा अंदाज घेतला, दाबलं, तो उभा राहिला. पट्टी आहे, सर म्हणाले. बँडेज सोडलं तर आतून रिंग निघाली. दुसरा लाँड्रीवाला थोरला भाऊ. तो कोलमडला, पट्टी नाही. बँडेजखाली पट्टी होती. तिसऱ्याचं बरोबर आलं तेव्हा काही जणांनी टाळ्या वाजवल्या, त्यात माझ्याही होत्या. चौथ्याचं पुन्हा चुकलं. पाचव्याला सरांनी हातच लावला नाही. इथलं वातावरण श्रद्धेचं राहिलेलं नाही, ते म्हणाले. ज्या विज्ञानाला कालपर्यंत देवाचीही गरज नव्हती त्याला आज श्रद्धा लागू लागली.

बायको बाहेर आली. तिने मला पुढे बोलावलं आणि सगळ्यांदेखत माझा हात पसरवला. तिने दाखवलं की तळहात खाली दाबताना थोडा बाहेरच्या बाजूला ओढला, की कुणाचाही तोल जातो. मी पडलो. तोच हात आतल्या बाजूला, पायांच्या दिशेने दाबला तर कितीही भार टाका, माणूस उभाच राहतो. मी राहिलो. तिने हे चारदा करून दाखवलं. चारदाची काही गरज नव्हती.

मग ती भाच्याकडे वळली. “पट्टी नव्हती तेव्हा सरांनी कुठे दाबलं होतं?”

त्याने मनगट दाखवलं.

“आणि नंतर?”

त्याने कोपराच्याही वर, खांद्याजवळ बोट ठेवलं.

तिने खोलीचं दार उघडं केलं आणि एकेकाला ते ढकलायला सांगितलं, एकदा कडीजवळून, एकदा बिजागरीजवळून. कडीजवळून एका बोटाने दार फिरलं. बिजागरीपाशी हमालाचाही घाम निघाला. हात म्हणजे दार, खांदा म्हणजे बिजागरी, ती म्हणाली. पट्टी न घालताही हेच झालं असतं.

“पण मामी, दुखायचं कमी झालंय,” भाचा म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

याचं उत्तर तिला देता येणार नव्हतं. ते खोलीत एकालाच ठाऊक होतं. मी घसा साफ केला.

“गोळ्यांनी कमी झालंय,” मी म्हटलं. “मी दिलेल्या. खांदा होता तसाच आहे.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आणि तेच जास्त लागलं. मग त्याने पट्टी काढून टेबलावर ठेवली, पिशवीतले हातमोजे काढले आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या बस ड्रायव्हरच्या हातात दिले. कोणता खेळाडू कुठल्या पायाने मारतो ते तो त्याला समजावू लागला. दोघं बराच वेळ बोलत बसले. या गडबडीत सर बॅग उचलून निघाले. त्यांना कुणी अडवलं नाही. उलट दारात एकाने शेवटची पट्टी विकत घेतली, घरी असू द्यावी म्हणून.

सामना आम्ही चार–एक हरलो. ड्रायव्हरने चार खाल्ले आणि दोन असे अडवले की समोरच्या संघाच्या प्रशिक्षकानेही टाळ्या वाजवल्या. आमचा गोल वायरमनच्या पाठीला चेंडू लागून झाला. कसाही झालेला असो, तो अख्ख्या गावाने वर्षभर सांगितला. भाचा झोळीत हात अडकवून गोलपोस्टमागून ओरडत होता. पुढच्या हंगामात तो पुन्हा गोलमध्ये उभा राहिला, दोन्ही हातांनी.

सामन्यानंतर लाँड्रीवाला धाकटा भाऊ म्हणाला की पट्ट्या असत्या तर दोनच गोल बसले असते. मी त्याला तिथेच हात पसरायला लावला.

वाचकहो, मी स्वतःला हुशार समजत होतो आणि एका रबरी पट्टीने मला घरच्या पोराच्या खांद्याशी खेळायला लावलं. फसायला अडाणी असावं लागत नाही, काहीतरी मनापासून हवं असलं की पुरतं. म्हणून उद्या कुणी तुमच्यासमोर चमत्कार करून दाखवला, त्याला देवाचं नाव असो की विज्ञानाचं, तर टाळ्या वाजवायच्या आधी एकच करा. कुणाकडे खरी वस्तू आहे आणि कुणाकडे खोटी, हे त्याला कळू न देता तोच प्रयोग पुन्हा करायला सांगा. चमत्कार खरा असेल तर त्याचं काही बिघडणार नाही. आणि दुखत असेल तर डॉक्टरकडे जा.