दोन बिड्यांचं पाणी

पाणी गेलं तेव्हा माझं पिंप वीतभर उणं होतं.

मी नळाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. सहा वाजून बारा मिनिटं. आमच्या वरच्या गल्लीला पाणी येतं पाच-चाळीसला, आणि गेले एक्केचाळीस दिवस ते सहा-वीसला जात होतं. आज आठ मिनिटं आधीच नळाने उचकी दिली आणि गप्प झाला.

समोरच्या दारातून यमुनाबाईंनी डोकं बाहेर काढलं. त्या यवतमाळकडच्या. मुलाला इकडे नोकरी लागली म्हणून वारज्यात आल्या, त्याला दहा वर्षं झाली, पण बोली काही बदलली नाही.

"काऊन वो रतन, आज लवकर गेलं पानी?"

"गेलं खरं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी पिंपाकडे. मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "बिडी पिला वाटते जयसिंग."

जयसिंग म्हणजे आमचे हे. पाणीखात्यात व्हॉल्व्हमन आहेत, लोक चावीवाला म्हणतात. खांद्याएवढी लोखंडी चावी घेऊन जायचं, रस्त्यातल्या खड्ड्याचं झाकण उचलायचं, चावी आत घालून फिरवायची, की एका गल्लीला पाणी सुटतं. वेळ झाली की उलटी फिरवायची. बावीस वर्षं हे काम करताहेत आणि बावीस वर्षं त्यांनी हातात घड्याळ बांधलं नाही. व्हॉल्व्ह उघडला की एक बिडी. मग गल्लीतून एक फेरी, कोणाकडे आलं, कोणाकडे नाही ते बघायला. फेरीवरून परतले की दुसरी. दुसरी बिडी दोऱ्यापर्यंत आली की चावी उलटी. वरची गल्ली म्हणजे दोन बिड्यांचं पाणी.

एक्केचाळीस दिवसांपूर्वी बिडी सुटली आणि पंचाईत झाली, बंद कधी करायचं ते कळेना. मग मुलीने तिचं जुनं घड्याळ दिलं. तेव्हा शोध लागला की कागदावर आमच्या गल्लीला चाळीस मिनिटं मंजूर आहेत आणि दोन बिड्या होतात बत्तीस मिनिटांत. म्हणजे बावीस वर्षं हा माणूस स्वतःच्या बायकोचं आठ मिनिटांचं पाणी ओढून टाकत होता. गल्लीतल्या बायकांनी मनापासून शिव्या दिल्या आणि त्याहून मनापासून ठरवलं, की चावीवाल्याने बिडी परत धरता कामा नये. एवढे हितचिंतक कोणाला मिळत असतील असं वाटत नाही.

पण मला पाण्याचं काही पडलेलं नव्हतं.

त्यांच्या डाव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट दिवाळीनंतर कापलं. काळं पडलं होतं. डॉक्टर तरुण होते, पण बोलायला खणखणीत. म्हणाले, "तंबाखूने पायाच्या नसा बंद होत चालल्यात. बिडी पूर्ण थांबली तर पाय राहील. दिवसाला एक जरी चालू राहिली, तरी आधी बोटं जातील, मग पाऊल. कमी करतो, हे मला सांगू नका." चावीवाल्याचा पाय. दिवसाला अकरा व्हॉल्व्ह, तेही वारज्याच्या चढावर.

"आज त्याले बोलू नोको," यमुनाबाई म्हणाल्या.

"न बोलून कसं चालेल?"

"बोल ना. भाजी काय करू, ते बोल. मी तीस वर्सं वरडली आमच्या मानसावर. थो बहिरा होऊन मेला, पन बिडी नाही सोडली."

त्या हे हसत म्हणाल्या, पण लगेच आत गेल्या.

मला ओरडण्याचा अनुभव त्यांच्याहून कमी असेल, पण आहे. दोन वर्षांपूर्वी यांनी पहिल्यांदा बिडी सोडली होती. एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी भाच्याच्या लग्नात, मांडवामागे, जावयाबरोबर ओढताना मी पाहिलं. तिथेच बंडल हिसकावून गटारात टाकलं. सगळ्यांसमोर मी त्यांना म्हणाले, तुमच्या शब्दाला कुत्रं तरी विचारेल का. थोरल्या दिरांना सांगितलं. आठ दिवस अबोला धरला. त्याचा परिणाम असा झाला की हे पुढची दोन वर्षं चोरून ओढायला लागले, आणि चोरून म्हणजे जास्त. पाय दुखायचा तोही त्यांनी लपवला, कारण पाय दाखवला असता तर बिडी सापडली असती. बोट डॉक्टरांनी कापलं. पण मोरीत भांडी घासताना कधीतरी मला वाटतं, सुरी मीपण थोडी धरली होती.

आठ वाजता हे आले. चावी भिंतीला टेकवली आणि चपला न काढता पायरीवर बसले. एरवी आल्या आल्या पाणी मागतात.

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. रांगेत उभं होतं म्हणा ना.

"भाजी काय करू?" मी विचारलं.

त्यांनी मान वर केली. "काय?"

"भाजी. गवार आहे, आणि दुधी आहे."

"कायपण कर." मग चपला काढत, "पाणी कमी पडलं ना?"

"वीतभर."

"मला बंद केल्यावर घड्याळ दिसलं. पुन्हा उघडणार होतो. पण तवर खालच्या गल्लीची वेळ झाली होती."

डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून रोज सकाळी कोमट पाण्याने त्यांचा पाय धुते, बोटांच्या मधे बघते, कुठे चीर, कुठे काळेपणा. तेच केलं. घमेलं आणलं आणि त्यांच्यापुढे बसले. त्यांनी पाय आत ठेवला.

"काल खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मला माहीत होतं. त्या गल्लीचा व्हॉल्व्ह तीन दिवस अडकला होता, तीन दिवस लोक यांच्या नावाने खडे फोडत होते. "मी आणि तो ठेकेदाराचा फिटर, विक्रम. छातीभर चिखलात दोन तास. शेवटी फिरला. रतन, पाणी असं आलं ना, बायकांनी टाळ्या वाजवल्या. बावीस वर्षांत कोणी टाळ्या नाय वाजवल्या. विक्रमनं बिडी पेटवून हातात दिली. काका, आजची हक्काची, म्हणाला. मी ओढून झाल्यावर मला कळलं की मी ओढली."

"हं."

"वाईट काय झालं असतं तर ओढली नसती. शपथ. त्याची मी तयारी ठेवली होती. मनाला सांगून ठेवलं होतं, कोणी शिव्या घातल्या तरी नाय, कोणी मेलं तरी नाय. चांगलं काय होईल हे डोक्यातच नव्हतं."

मी बोटांच्या मधे फडकं फिरवत राहिले. या माणसाच्या आयुष्यात चांगलं इतकं क्वचित झालंय, की त्याचा बंदोबस्त करायला तो विसरला. यावर कोण काय ओरडणार?

"आणि सकाळी?"

"सकाळी म्हटलं, मोडलंच आता. काल मोडलं, आज काय राहिलंय? बंडल घेतलं. दोन ओढल्या." त्यांनी खिशातून बंडल काढून पायरीवर ठेवलं. "उद्या दवाखान्यात जायचं नाय. काय तोंड घेऊन जाऊ त्या सिस्टरपुढं?"

उद्या, शनिवारी, तिथली तारीख होती. सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडणाऱ्यांसाठी एक खोली आहे, तिथे सुनीती सिस्टर बसतात. तिथे गेलं नाही तर हे पुन्हा त्या दोन वर्षांत जाणार, हे मला पायरीवर ठेवलेल्या बंडलाइतकं स्पष्ट दिसत होतं. आणि तरीही माझा हात त्या बंडलाकडे जाईना. हिसकावण्याचं काम मी एकदा करून बसले होते.

"सकाळची सव्वासहाची शेवटची ना?" मी विचारलं.

"हो."

"मग आठ वाजून गेलेत. दोन तास झाले."

ते माझ्याकडे बघायला लागले, मी चेष्टा करतेय का ते समजून घेण्यासाठी. मी चेष्टा करत नव्हते. निदान पूर्ण नव्हते. त्यांनी पाय घमेल्यातून बाहेर काढला, बंडल उचललं आणि त्याच पाण्यात सोडलं. बिड्या आधी तरंगल्या, मग पाणी चहासारखं झालं. मोरीत त्यांनी स्वतः नेऊन ओतलं, एका पायाने लंगडत, फरशीभर ओले ठसे उमटवत. फरशी मी नंतर पुसली. तक्रार केली नाही, हे इथे मुद्दाम नोंदवते, कारण तेही सोपं नव्हतं.

रात्री जेवताना म्हणाले, "सकाळी येशील का संगती? चाळीस मिनिटं."

बावीस वर्षांत मी त्यांचं काम पाहिलं नव्हतं. मी नेहमी नळाच्या दुसऱ्या टोकाला.

शनिवारी साडेपाचला आम्ही निघालो. माझं पिंप भरायचं यमुनाबाईंनी अंगावर घेतलं. व्हॉल्व्हचं झाकण उचलल्यावर आतून थंड, लोखंडी वास आला. ह्यांनी चावी घातली, पोटावर रेटून फिरवली, आणि जमिनीखालून काहीतरी धावत गेल्याचा आवाज झाला. मग गल्लीतून फेरी. "आलं का?" हे प्रत्येक दारात विचारायचे. "आलं," आतून उत्तर यायचं.

"आज जोडीनं?" एकीने कळशी खाली ठेवत विचारलं. "सत्यनारायण आहे की काय?"

"पाणी भर," हे म्हणाले.

"भरते हो. पण आज पूर्ण द्या. काल माझं पीठ मळायचं राहिलं."

"देतो."

फेरीवरून परत आल्यावर खरी परीक्षा होती. त्यांचा उजवा हात आपला आपण खिशात गेला. रिकामा बाहेर आला. थोड्या वेळाने परत गेला. कपाळावर घाम, तोही थंडीत. मी काय बोलावं ते सुचेना म्हणून सुचेल ते बोलत गेले. माझ्या माहेरच्या म्हशीचं, मुलीच्या ऑफिसमधल्या ओवी नावाच्या मैत्रिणीचं, गवार जून निघाली त्याचं. मधेच ते म्हणाले, "जरा गप बस." मी गप्प बसले. एका मिनिटाने म्हणाले, "नको. बोल."

सहा-वीसला त्यांनी चावी उलटी फिरवली. आटे मोजून फिरवली.

अकरा वाजता सुनीती सिस्टरांच्या खोलीत गेलो. सिस्टर सदाशिव पेठेतल्या. त्यांच्या बोलण्यात साखर नसते, पण त्या खोलीत कोणी आजवर रडल्याशिवाय आणि हसल्याशिवाय बाहेर पडलेलं नाही. हे दारातच उभे राहिले.

"बसा. इथे वकील लागत नाही," त्या म्हणाल्या. "किती दिवस?"

मी तोंड उघडणार होते. बेचाळीस म्हटलं असतं तर चाललं असतं. त्यांना कुठे कळणार होतं?

"एक," हे म्हणाले.

सिस्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मागच्या खेपेला अठ्ठावीस होते. तुमच्याकडे कॅलेंडर उलटं लावता का?"

मग ह्यांनी सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह, टाळ्या, विक्रम, सकाळच्या दोन. सिस्टर लिहीत होत्या. मधे मधे विचारत होत्या, किती वाजता, जेवण झालं होतं का, बंडल कुठून घेतलं. चोरीत पकडलेल्याला विचारतात तसं नव्हे, तर पाइप कुठे फुटला ते बघतात तसं.

"विक्रमला पुढच्या वेळी काय सांगाल?"

"सांगीन, नको."

"एवढ्यावर तो ऐकेल?"

ह्यांनी विचार केला. "सांगीन, पाय जातो माझा."

"हां. हे चालेल. आणि आनंद झाला की काय करणार, तेही ठरवा. पेढा खा. तुम्हाला साखर नाही अजून." मग पेन ठेवून म्हणाल्या, "लोक घसरले की इथे यायचे थांबतात. सहा महिन्यांनी येतात, आणखी एखादं बोट गमावून. तुम्ही दुसऱ्याच दिवशी कसे आलात?"

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरी कोण ओरडलं नाय."

मी पर्सची चेन उगाच उघडली आणि लावली. यमुनाबाईंना चांगली साडी घ्यायला हवी, असं काहीतरी तेव्हा मनात आलं.

"ते एक्केचाळीस दिवस खोडू नका," सिस्टर म्हणाल्या. "ते पायाला मिळालेत. कोणी परत घेत नाही."

"ते तुमच्याकडं लिहून ठेवा. मी एकपासून मोजतो."

"मर्जी तुमची. पाय दाखवा."

त्यांनी मोजा काढला. सिस्टर खुर्ची सोडून खाली बसल्या, पावलाच्या वरच्या बाजूला, नाडीच्या जागी, दोन बोटं टेकवली आणि डोळे मिटले. बाहेर कोणाचा तरी नंबर पुकारला. बोटं जराशी डावीकडे सरकली, थांबली, पुन्हा सरकली. हे छताकडे बघत होते.

"आहे," सिस्टर म्हणाल्या. "बारीक आहे. पण आहे." आणि माझा हात ओढून त्यांनी माझी बोटं तिथे ठेवली. "दाबू नका. नुसती टेकवा."

आधी काहीच लागेना. गार कातडी, खाली हाड. मग माझ्या बोटाखाली काहीतरी इवलंसं वर आलं, गेलं, आणि पुन्हा आलं.

"लागतंय का?" ह्यांनी विचारलं.

मी मान हलवली. बोटं काढायला कोणी सांगितलं नाही, म्हणून मी ती तिथेच राहू दिली.