सहाव्या पानावरची झडप

आमच्या गावच्या वाचनालयात लोर्ना प्रुइट दर ऑक्टोबरात लहान मुलांना हॅलोविनची, म्हणजे भुताखेतांच्या सणाची, चित्रपुस्तकं वाचून दाखवते. गेली बावीस वर्षं. ही पुस्तकं नुसती ऐकायची नसतात. चित्रातलं दार ठोठावायचं, मेणबत्तीवर फुंकर मारायची, पुठ्ठ्याची झडप उघडली की मागे भूत. गेल्या वर्षी त्या भुताला पाहून एक मूल रडलं, म्हणून यंदा वाचनालयाच्या मंडळाची तातडीची बैठक भरली. मीही मंडळावर आहे. निवृत्त माणसाला कुठेतरी बसवावंच लागतं.

"मुलांच्या कोवळ्या मनाचा विचार करायला हवा," अध्यक्ष ग्रेचेन हाल्डमन म्हणाल्या. त्यांना जरा घाई होती. घरी अंगणात सणाच्या सजावटीचा बारा फुटी सांगाडा उभा करायला माणसं यायची होती. त्याचे डोळे लाल पेटतात आणि जवळून कुणी गेलं की तो खदाखदा हसतो. त्यांच्या शेजाऱ्यांनी झाडाला नकली प्रेत टांगलंय, त्यापलीकडे हिरवळीतून पाच-सहा रबरी हात वर आलेत. पुस्तकातलं भूत तळहाताएवढं होतं. काळजी रास्तच होती.

ठराव झाला: यंदा एक जरी मूल रडलं, तरी लोर्नाचा कार्यक्रम कायमचा बंद. खबरदारी म्हणून प्रत्येक झडपेवर आत काय आहे ते सांगणारी चिठ्ठी लावायची, जसं की 'मागे वटवाघूळ आहे. घाबरू नका.' आणि सहाव्या पानावरची भुताची झडप सरळ चिकटवून टाकायची. डिंकाची बाटली मी धरली होती, हे कबूल करतो.

शनिवारी सकाळी अकरा मुलं सोंगं घेऊन नटूनथटून आली. तीन भोपळे, एक खेकडा, बाकी किरकोळ. ग्रेचेनबाईंचा चार वर्षांचा नातू वेंडेल टपालपेटी होऊन आला होता. बाई मागच्या खुर्चीत रडणाऱ्या मुलांच्या नोंदीचा तक्ता घेऊन बसल्या.

पाच पानं चिठ्ठ्या वाचण्यात गेली. मुलं जांभया देत होती. सहाव्या पानावर सगळ्यांनी झडपेवरचं दार ठोठावलं. दार उघडेना.

"मिस लोर्ना, हे उघडत का नाही?"

"चिकटलंय, राजा."

"कुणी चिकटवलं?"

लोर्नाने आमच्याकडे पाहिलं. "मोठ्या माणसांनी."

"म्हणजे आत फारच भयंकर आहे," खेकडा शांतपणे म्हणाला.

"त्याला दात असणार," एक भोपळा म्हणाला.

"मोठ्यांना खातं ते. म्हणून चिकटवलं."

सगळ्यात छोट्या भोपळ्याचा ओठ थरथरू लागला. ग्रेचेनबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

बावीस वर्षं त्या ओठावर टांगली होती. लोर्नाने झडपेखाली नख घातलं आणि मंडळाचा ठराव टर्रकन फाडला. आत एक भूत लांब झगा घालून दात घासत होतं.

भोपळा आधी हसला, मग सगळीच. "पुन्हा झाक," खेकडा म्हणाला. दार आणखी नऊ वेळा ठोठावलं गेलं. बाईंनी टोपण लावलं.

मग घरी निघताना, कोट घालता घालता, वेंडेलने भोकाड पसरलं.

"पाहिलंत?" ग्रेचेनबाईंचं पेन बाहेर आलं. "माझा नातू असला म्हणून काय झालं? ठराव म्हणजे ठराव."

"कारणाचाही रकाना आहे, ग्रेचेनबाई," मी म्हणालो. "तुम्हीच घालायला लावला होता."

त्या वाकल्या. "त्या भुताची भीती वाटली ना रे, सोन्या?"

"नाही. मला तुझ्या घरी नाही यायचं, आजी."

"का रे?"

"तो अंगणात आहे," वेंडेल हुंदके देत म्हणाला. "आणि त्याला कुणी चिकटवलेलं नाहीये."

लोर्नाने उरलेल्या चिठ्ठ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं. बाईंनी तक्त्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: रडलेली मुलं, एक. कारण, वाचनालयाबाहेरचं. मी सही केली. लोर्नाचं तेविसावं वर्ष पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी फिरायला गेलो, तर सांगाडा जागच्या जागी होता. डोळे मात्र विझवलेले. नडगीवर, चार वर्षांच्या मुलाला वाचायला सोयीचं पडेल अशा उंचीवर, चिठ्ठी होती: 'घाबरू नका.'

वेंडेलला अजून वाचता येत नाही, एवढीच काय ती अडचण.