टिल्डा नावाडिणीचा कागद

मी एक जुना कागद आहे. माझ्या घड्या आता चिकटपट्टीने धरून ठेवल्या आहेत आणि एका कोपऱ्यावर कॉफीचा डाग आहे. पण मित्रांनो, मी शेगडीत जाता जाता वाचलो, म्हणून आज तुमच्याशी बोलू शकतो.

माझा जन्म अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या एका शाळेत झाला. तिथे लाइल नावाचे गणिताचे शिक्षक होते. त्यांनी शाळेच्या प्रती काढायच्या यंत्रावर जांभळ्या शाईत माझ्यासारखे चाळीस कागद काढले. सगळ्यांवर तेच चौकोन होते: नाव, ताकद, शहाणपण, प्राण, शस्त्र. दर शनिवारी दुपारी लाइलच्या गॅरेजमध्ये काही मोठी माणसं एक खेळ खेळत. प्रत्येकाने मनाने एक माणूस रचायचा, कागदावर उतरवायचा आणि त्याच्या नावाने बोलायचं. लाइल गोष्ट पुढे नेणार, आणि काम जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा सांगणार.

मी व्हर्नाच्या वाट्याला आलो. ती शाळेत मुलांचं जेवण रांधायची. बाकीच्यांनी तलवारबहाद्दर रचले. व्हर्नाने रचली टिल्डा, एक म्हातारी नावाडीण. ताकद सात, शहाणपण सोळा, प्राण नऊ. शस्त्राचा चौकोन तिने रिकामाच ठेवला.

तिची धाकटी बहीण मार्लिस शेजारीच बसलेली. ती हसून म्हणाली, "अगं, आपल्याला राक्षस मारायचेत, सहल नाही न्यायची!"

"तू मार की. परत यायला नाव लागेल तेव्हा मला हाक मार," व्हर्ना म्हणाली.

दोन वर्षं टिल्डाला ओरखडाही आला नाही. मला वाटायचं, असंच चालत राहणार. मग व्हर्ना आजारी पडली, आणि पानगळीच्या दिवसांत ती गेली.

जानेवारीत गावाजवळचं तळं गोठलं तेव्हा तिचा नवरा ओरिन मला कोटाच्या खिशात घालून गॅरेजमध्ये आला. तो दुधाची गाडी चालवायचा. हा खेळ त्याने कधी खेळलेला नव्हता. "तिची खुर्ची रिकामी नको," एवढंच तो म्हणाला.

त्या टेबलाचा एक नियम होता. खेळात माणूस मेला की त्याचा कागद गॅरेजमधल्या लाकडं जळणाऱ्या शेगडीत टाकायचा आणि सगळ्यांनी टोप्या काढून उभं राहायचं. माझे अकरा भाऊ असेच गेले. हा नियम कुणासाठी मोडत नसत.

ओरिनला वाटलं, आपली पाळी आली की पुढे जाऊन मारायचं. त्याने टिल्डाच्या हाती मासे साफ करायची सुरी दिली आणि तिला लांडग्यांवर धाडलं. प्राण मोजायला माझ्यावर नऊ बटणं ठेवली होती; जखम झाली की बटण उचलायचं, सगळी संपली की मरण. संध्याकाळपर्यंत दोन उरली.

मार्लिसने खोडरबर सरकवलं. "भाऊजी, खोडा ते आकडे. ताकद सोळा करा, हातात तलवार द्या. लाइल काही बोलणार नाही."

"नाही बोलणार," लाइल हळूच म्हणाले.

"ते तिचं अक्षर आहे," ओरिन म्हणाला.

"मग तेच अक्षर पुढच्या शनिवारी जळेल! तेव्हा काय धुराड्याकडे बघत बसणार आहात?" मार्लिस ओरडली आणि तिचा आवाज फाटला.

ओरिनने खोडरबर माझ्या सातावर टेकवलं. मित्रांनो, तेवढा मी कधीच घाबरलो नव्हतो. खोडलं तर टिल्डा जगेल, पण ती व्हर्नाची राहणार नाही. नाही खोडलं तर मी राख. शेवटी त्याने खोडरबर खाली ठेवलं आणि मला घरी नेलं.

घरी त्याने मला पहिल्यांदा उलटं केलं. माझ्या पाठीवर व्हर्नाने बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'नाव ढकलायचा वासा, दहा फूट. टिल्डा आधी पुढे जात नाही. प्रवाह बघते.' ओरिन एकटाच हसला. गोठलेल्या तळ्यावर गाडी घालण्याआधी व्हर्ना त्याला दर वेळी खाली उतरवायची, पहारीने बर्फ ठोकून बघायला लावायची. तो कुरकुरायचा, पण उतरायचा.

पुढच्या शनिवारी अरुंद पुलावर राक्षस आडवा आला. सगळ्यांत पुढे मार्लिसची तलवारवाली होती.

"भाऊजी, मागे राहा हो," मार्लिस पुटपुटली.

"राहतोय. लाइल, त्याचा हात केवढा लांब?"

"सहा फूट."

"आणि टिल्डाचा वासा दहा. ती मार्लिसच्या मागे उभी राहते आणि वासा त्याच्या पायात घालते. मारत नाही. नुसता तोल घालवते."

लाइलने डोकं खाजवलं. "नाव वळवायला ताकदीपेक्षा अंदाज लागतो. चला, शहाणपण धरू. तिचं ते सोळा, म्हणजे फासा सोळा किंवा खाली पडला तर जमलं. सतरा किंवा वर आलं, तर वाशासकट पाण्यात. दोन बटणांवर त्यातून वाचणार नाही."

फासा टेबलभर फिरला, कॉफीच्या मगाला अडला. चौदा.

"पडला! पडला मेला!" मार्लिस खुर्चीवरून उठली. तिने एका वारात राक्षस संपवला आणि मग ओरिनच्या पाठीत जोराचा धपाटा घातला. "दोन वर्षं ताईने हेच केलं, आणि मी समजत होते, मीच जिंकतेय!"

ओरिनने खूप वेळ कोंडलेला श्वास सोडला. मीही सोडला असता, पण दोन बटणं अजून माझ्यावर होती. मग त्याने पेन्सिल घेतली आणि शस्त्राच्या रिकाम्या चौकोनात लिहिलं, 'वासा'. वरचं काहीच खोडलं नाही. तेव्हापासून माझ्यावर दोघांचं अक्षर आहे.

आता मी बिस्किटांच्या डब्यात राहतो आणि शनिवारी बाहेर येतो. मित्रांनो, तुमच्याजवळचं काही दुबळं वाटलं तर खोडरबर उचलण्याआधी एक करा. ते उलटवून मागची बाजू वाचा.