बोटांना लागणारं नाव

“आजोबा, तुम्ही मेल्यावर तुम्हाला कुठे पुरणार?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून तिने एका दमात विचारून टाकलं. भिंतीआड खीखी सुरू झाली. दफनभूमीचा म्हातारा राखणदार मात्र मजेत हसला.

“जागा धरून ठेवलीय की! ही काय, माझ्या धाकट्या बहिणीशेजारी.” त्याने काठीने एक बुटका दगड दाखवला. “सात वर्षांची होती. माझे डोळे गेल्यापासून मी तिचं नाव बोटांनी वाचतो. रोज, फाटक लावायच्या आधी.”

पैज जिंकलीच, वर शाळेच्या प्रकल्पाला विषयही मिळाला. थडग्यांवरून गावाचा इतिहास! आठवडाभर ती वहीत नावं आणि सालं उतरवत होती. एकाच पावसाळ्यात गावातली अकरा लेकरं तापाने गेली होती. अकरावी ही बहीण. तिच्या दगडावर शेवाळ फार, फोटो काही नीट येईना. बाबा रंगारी, फाटकांचा गंज खरवडायचा त्यांचा तारेचा ब्रश तिने आणला आणि घासला दणादण. शेवाळ निघालं. त्याच्यासोबत मऊ दगडाचा पापुद्राही निघाला, अक्षरांसकट.

तिने ब्रश दप्तरात कोंबला आणि घर गाठलं.

प्रकल्पाचा पहिला नंबर आला. आजोबांना पेढा द्यायला ती उड्या मारत गेली, तर ते दगडापाशी बसलेले. बोटं फिरवत होते, थांबत होते, पुन्हा फिरवत होते.

“डोळ्यांमागून आता बोटंही गेली बघ,” ते म्हणाले. “चार दिवस झाले, तिचं नावच लागत नाही.”

“थंडीने बधिर होतात, आजोबा,” तिच्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी बिचाऱ्यांनी मान डोलावली आणि तळहात एकमेकांवर चोळून ऊब आणली. पुन्हा दगडावर ठेवले.

रात्री ताटातला घास ताटातच.

“आमच्या इतिहासकार बाईंचं पोट बक्षिसानेच भरलं वाटतं!” बाबा म्हणाले.

तिने एका दमात सगळं सांगितलं. ब्रश, पापुद्रा, थंडीची थाप.

“अगं, त्यांना दिसत नाही, कळणार कसं?” आई हळूच म्हणाली. “उगीच कशाला दुखवतेस म्हाताऱ्याला?”

“ते स्वतःच्या बोटांना दोष देतायत, आई! उद्या शाळेच्या आधी मी जाणार. सांगणार, आजोबा, तुमची बोटं धडधाकट आहेत, दगड मी घासलाय. आणि बाबा, तुम्ही सोबत यायचं नाही.”