आज डबा न्हाई

"आज डबा न्हाई," पंचफुला म्हणाली आणि भाकरी बांधायच्या फडक्याची घडी घालून तिनं ती फळीवर ठेवून दिली.

भिवाजी दारात बसून पांढरे बूट चढवत होता. बुटांना तिनंच काल खडू फासला होता. तांब्यात विस्तव घालून पँटीला इस्त्रीही तिनंच केली होती. हातातली नाडी तशीच धरून तो तिच्याकडं बघत राहिला.

"मोठ्या सराला कुठं डबा लागतो? पुसेगावच्या सरपंचानं पाट मांडून ठेवला असंल तुमच्यासाठी. भाकर घेऊन गेलात तर लोकं हासतील."

काल घडलेलं सगळं भिवाजीच्या जिभेवर आलं होतं. पण बाई इतकी खुशीत होती की त्याची छातीच झाली नाही.

"बराबर हाय," एवढंच बोलून तो उठला.

भिवाजी हिंगोलीच्या एका कॉलेजात मैदानाचा मदतनीस होता. मदतनीस कागदावर. कबड्डीचा संघ उभा केला तो ह्याच माणसानं. कोण ढोरं राखताना पळायचं, कोण मोंढ्यात पोती उचलायचं, असली पोरं हेरून त्यानं मैदानावर आणली. चढाई करणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं नाही, पायाकडं बघायचं, हे त्यांच्या डोक्यात त्यानं वर्षानुवर्षं घातलं. संघातली निम्म्याहून जास्त पोरं बौद्धवाड्यातली. पण मैदानाच्या कडेला मोठ्या सरासाठी जी खुर्ची मांडतात तिच्यात बसणारा माणूस मात्र कधी तिथला नसायचा. खुर्ची आणून ठेवायचा भिवाजी, बसायचे चौधरी सर.

सामना संपला की गावातलं मोठं घर सरांना जेवायला न्यायचं. पोरांची पंगत शाळेच्या ओसरीवर पडायची आणि तिथं कोण कुणाचा हे वाढणाऱ्याला कळत नसे. भिवाजीला मात्र सगळी पंचक्रोशी ओळखत होती. नाव झालं होतं ना त्याचं! एकदा तो पोरांच्या पंगतीत बसला तर वाढप्या त्याच्यापाशी येऊन थबकला, आणि परतताना चौधरी सर म्हणाले की भिवाजी, तू आपला डबाच आणत जा, उगीच वाद नको. तेव्हापासून तो डबा. पंचफुला तो मुकाट्यानं बांधायची, आणि प्रत्येक वेळी गाठ जरा जास्तच करकचून मारायची.

चौधरी सर दिवाळीला निवृत्त झाले. आता भिवाजीच, असं सगळं कॉलेज म्हणत होतं. मागं एकदा त्यानं बढतीसाठी अर्ज केला होता तेव्हा, शिक्षणाचा कागद पाहिजे, असं सांगण्यात आलं होतं. तर गड्यानं बिनपगारी रजा काढली, अमरावतीला जाऊन शारीरिक शिक्षणाची परीक्षा दिली आणि कागदही आणला. आता कुठं काय राहिलं? पंचफुलेनं सगळ्या आळीला सांगून टाकलं होतं.

काल संस्थेच्या अध्यक्षांनी त्याला बोलावलं. चहा मागवला. कपबशीतून मागवला, हे भिवाजीनं बघितलं आणि त्याला वाटलं, झालं काम.

"भिवाजी, तुझ्या कामात खोट काढणारा अजून जन्मायचाय," अध्यक्ष म्हणाले. "पण आपले सामने खेड्यापाड्यात. मोठ्या सराला लोक घरात नेतात, पाटावर बसवतात. तुला पुढं केलं तर त्यांची पंचाईत होते. उद्या कुणी तुझा अपमान केला तर? मला ते बघवणार नाही."

म्हणजे ह्याचा अपमान होऊ नये म्हणून ह्याला मान द्यायचा नाही. धन्य ती माया. वर त्यांनी सांगितलं की जागेवर तातेरावला घेतलंय, तुझाच चेला आहे, तुला आनंदच होईल. तातेराव भिवाजीच्याच हाताखाली तयार झालेला, बागायतदाराचा मुलगा. पोरगा वाईट असता तर बरं झालं असतं, मनसोक्त राग तरी करता आला असता. पण तातेराव गुणी होता.

भिवाजी घरी आला तेव्हा पंचफुला बुटांना खडू फासत बसली होती. कसं सांगणार?

सव्वीस जानेवारीचं ऊन पडलं होतं. एसटीत तातेराव त्याच्याशेजारी येऊन बसला. खिडकीबाहेर बघतच तो हळूच म्हणाला की मी नाही म्हणालो होतो, पण वडलांनी ऐकलं नाही. भिवाजीनं विचारलं, गुडघा कसा हाय? बरा हाय, तातेराव म्हणाला.

मैदानावर भिवाजीनं फक्कीनं रेषा मारल्या आणि सवयीनं खुर्ची आणून कडेला मांडली. पोरं आत उतरली. पण तातेराव बसेना. खुर्चीच्या मागं हात बांधून उभा राहिला. भिवाजी दोन हात अंतरावर उभा, हाही उभा. मधे खुर्ची रिकामी. गावकरी बघायला लागले. पोरांनाही कळेना की नजर कुणाकडं ठेवायची, आणि पहिल्याच चढाईत त्यांचा गडी बाद झाला.

"दादा, तुमी उभं असताना मी कसा बसू?" तातेराव पुटपुटला.

ह्याला भिवाजीनं पकड शिकवली होती, गुडघा सुजला तेव्हा रोज हळद लावली होती. आजवर त्याला अरेतुरेच केलं होतं.

"बसा, सर," भिवाजी म्हणाला. "पोरं बघून राहिलीत."

तातेरावचा चेहरा पडला. पण तो बसला, आणि खेळ मार्गी लागला. कोपऱ्यातली पोरं जुन्या सवयीनं भिवाजीकडं बघत होती आणि भिवाजी मान हलवून सांगत होता. सामना जिंकला. तातेरावच्या गळ्यात हार पडला. भिवाजीनं टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून वाजवल्या. पोरं त्याचीच होती.

मग सरपंचाचा माणूस आला. चला सर, पानं मांडलीत. तातेराव निघाला आणि चार पावलांवर थांबून त्यानं मागं वळून बघितलं. भिवाजी लिंबाखाली पोरांच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन बसला होता. त्यानं चटकन पाठ फिरवली. गाठोडं मांडीवर घेतलं आणि भाकरी सोडतोय असं दाखवत गाठीशी खुटखुट करत राहिला. पावलं दूर गेली तेव्हा त्यानं हात थांबवला.

बौद्धवाड्यात गेला असता तर कुणीही आग्रहानं वाढलं असतं. पण तो मोठा सर झाल्याची बातमी तिथंही पोचली होती, खोटी बातमी, आणि तिथली माणसं अभिनंदन करायला उठली असती. त्यानं शाळेच्या हापशावर पोटभर पाणी पिऊन घेतलं. एवढी माणसं मैदानावर होती, पण भिवाजीला जन्मात इतकं एकटं वाटलं नव्हतं.

दिवेलागणीला तो घरी पोचला. पंचफुला उंबऱ्यातच बसलेली. काय वाढलं म्हणून तिनं विचारलं, आणि भिवाजी सांगत सुटला. पुऱ्या, वांग्याची भाजी, कढी, शेवटाला शिरा. चौधरी सर परतताना एसटीत ढेकर देत दरवर्षी जे सांगायचे ते त्याला पाठ होतं.

"पाट दिला?"

"दिला की."

"आन् पानी?"

"सरपंचानं सोता वाढलं," तो म्हणाला. "जरा पानी दे बरं."

तांब्या त्यानं एका दमात रिकामा केला आणि पुन्हा पुढं केला. पंचफुलेनं रिकाम्या तांब्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

तिनं चूल पेटवली, काटवटीत पीठ घेतलं.

"मी जेवले न्हाई आजून," ती म्हणाली. "एकटीला भाकर गिळत न्हाई. बसा माझ्यासंगं."

तिनं पोत्याची चौघडी करून टाकली. भिवाजीनं पांढरे बूट काढून कोपऱ्यात ठेवले आणि तो बसला. एक भाकर संपली, दुसरीही संपली. तिसरी मोडताना त्यानं मान वर केली. पंचफुलेनं स्वतःसाठी काहीच वाढून घेतलं नव्हतं. ती त्याच्याकडं पाठ करून बसली होती आणि विझत आलेल्या चुलीत उगीच काटक्या सारत होती.