खवल्याच्या पाठीमागे दोघं

"तुम्ही दोघं काय, प्रत्येक खेळणाऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या पाठीमागे उभे राहणार आहात?"

हा प्रश्न विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि पैजेला नाही म्हणेल तर ती कसली! घरात शिरल्या शिरल्या तिने दप्तर खुर्चीत आपटलं आणि कंबरेवर हात ठेवून प्रश्न फेकला. पण आईबाबांची डोकी स्क्रीनमध्ये खुपसलेली. बाबा म्हणाले, "हं." आई म्हणाली, "हात धुतलेस का?"

आता कपाळाला हात लावायचा नाही तर काय करायचं?

तीन वर्षं दोघं घरात बसून हा गेम बनवत होते. आई चित्रं काढायची, बाबा ती हलती करायचे. गेमचा हीरो खवल्या, म्हणजे खवले मांजर. अंगाची वळकटी करायची, उतारावरून गडगडत जायचं, खटके दाबून दारं उघडायची आणि शेवटी घंटाघराच्या टोकावर पोचायचं. उद्या सकाळी गेम विक्रीला जाणार होता, आणि करून बघायला म्हणून तो आधीच दिलेल्या तिच्या मैत्रिणी आपापल्या घरी त्या घंटाघरापुढे रडकुंडीला आल्या होत्या.

"इथे तर सगळ्यांना सुटतं," बाबा मान न वळवता म्हणाले.

"कारण तुम्ही दोघं कानाशी असता! आता उडी, आता वळकटी, अगं सोड, सोड! हवेत वळकटी सोडली की शेपटी वर टांगलेल्या आकड्याला अडकते, हे गेममध्ये कुठे दाखवलंय?"

"दाखवायचं काय त्यात?" आई म्हणाली. "एवढी छान शेपटी काढलीय. दिसते की!"

"शेंबडं पोरसुद्धा सोडवेल," बाबा म्हणाले.

"पोर नाही, पन्नाशीचा माणूस आणते," असं म्हणून ती तणतणत जिना चढली आणि वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरकाकांना चपला घालायचीही उसंत न देता खाली घेऊन आली. काकांनी जन्मात गेम खेळला नव्हता. तिने त्यांना उडीचं आणि वळकटीचं बटण दाखवलं, थेट घंटाघरात सोडलं आणि आईबाबांना बजावलं, "चकार शब्द काढायचा नाही."

काका पडले. पुन्हा पडले. वळकटीचं बटण दाबून धरत उडी मारायची, आकड्याखालून जायचं आणि धाडकन खड्ड्यात.

"माझ्या खुर्चीत बसलेली माणसं का ओरडतात, ते आज कळलं," काका घाम पुसत म्हणाले.

आईने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता. बाबांचा चेहरा लाल झाला होता. खवल्या पुन्हा हवेत उडाला, आकड्याखाली आला आणि बाबा खोकले. शेपटी अडकली! पुढच्या आकड्यापाशी पुन्हा खोकला, पुन्हा शेपटी. मग टोक, मग घंटा, टण्ण!

"सुटलं!" बाबांनी उडीच मारली. "बघ! पहिल्यांदा खेळणाऱ्याला सुटलं!"

"काका," ती दात ओठ खात म्हणाली, "कसं जमलं हो तुम्हाला?"

"मला कुठे जमलं? हे खोकले, मी दचकलो, बटणावरचं बोट सुटलं. दुसऱ्यांदा खोकले तेव्हा म्हटलं, परत सोडून बघू." काकांनी बाबांकडे कौतुकाने पाहिलं. "सोय छान आहे. पण विकत घेणाऱ्याला खोकला वेगळा घ्यावा लागेल का?"

काका गेले आणि दोघांची जुंपली.

"दोन मिनिटं घसा आवरत नाही तुम्हाला?"

"आणि तू? माझा दंड पिरगाळून काळानिळा केलास, तो मुक्यानेच ना!"

ती बघत राहिली. खवल्या आईच्या वहीत नुसता पेन्सिलीचा होता, तेव्हापासून तिचा लाडका होता. उद्या कुठलीतरी पोरं याच खड्ड्यात पडणार, 'भंगार आहे' म्हणून त्याला पुसून टाकणार, आणि हे दोघं इथे बसून म्हणणार, आमच्याकडे तर सुटत होतं. नाही. मुळीच नाही. तिने पुढे होऊन स्क्रीन बंद केली.

"ऐका. गेम उद्या जाणार नाही. शनिवारी माझा अख्खा वर्ग इथे खेळायला येईल, आणि कोण कुठे अडकतं ते मी बघेन. तुम्ही दोघांनी सकाळीच मावशीकडे जायचं. फोन इथे ठेवून."