नव्वद अंशांच्या आत

डाव्या खुब्याचं ऑपरेशन होऊन चौथा महिना लागला आणि आशाबाई गायकेनं हातातली काठी सोडली. तीन वर्षं तिच्या खुब्याचं हाड आतून सुकत गेलं होतं. बसलं की उठवत नव्हतं, उठलं की बसवत नव्हतं. शेवटी औरंगाबादच्या डॉक्टरनं सांधाच बदलून टाकला. आता ती बजाजनगरातल्या घराचा जिना चढायची, भाजी आणायची, शिलाई मशीनला मोटर बसवून घेऊन गल्लीतल्या बायकांची ब्लाऊजं पुन्हा शिवायला लागली होती. वय त्रेचाळीस. एकुलती मुलगी लग्न होऊन वैजापूरला नांदत होती.

सगळं जागेवर आलं होतं. फक्त नवरा अजून बाहेरच्या खोलीत झोपत होता, आणि आतल्या खोलीत तिच्या पलंगाशेजारी सासूची वळकटी होती. सासू द्वारकाबाई ऑपरेशनच्या वेळी कन्नडजवळच्या गावाहून सुनेचं करायला आल्या, त्या इथंच मुक्कामाला होत्या.

नवरा बद्रीनाथ वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होता. मशीनवरून निघालेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा, केसाएवढा फरक दिसला तरी बाजूला काढायचा, हे काम तो बावीस वर्षं करत होता. आशाच्या दुखण्यात त्यानं कशाला म्हणून कमी केलं नाही. तिला आंघोळ घातली, संडासासाठी उंच खुर्ची हुडकून आणली, तिला वाकता येत नाही म्हणून शिफ्टला जायच्या आधी रोज तिच्या पायात मोजे चढवले. पण एका सकाळी तो मोजे चढवत असताना तिनं त्याच्या मानेवर हात ठेवला, केसांतून बोटं फिरवली, तर चटका बसल्यासारखा तो मागं सरला.

“काय झालं?”

“काय नाय. उशीर झालाय.”

“अजून पाऊण तास हाय. खरं सांगा.”

त्यानं भिंतीकडं बोट केलं. तिथं दवाखान्यातून मिळालेला कागद चिकटवला होता. उकिडवं बसू नका. मांडी घालू नका. पायावर पाय टाकू नका. वाकून काही उचलू नका.

“ह्यात ते कुठं लिव्हलंय?” आशानं विचारलं.

“लिव्हलं नाय, म्हंजी इचारायचंच नाय.”

“लिव्हलं नाय, म्हंजी इचारायचं ऱ्हायलंय,” ती म्हणाली.

पुढच्या तपासणीला दोघं गेले. एक्स-रे उजेडावर धरून डॉक्टर खूश झाले. काही शंका आहे का, असं त्यांनी सवयीनं विचारलं. बद्रीनाथ उठायला लागला होता, तोच आशा बोलली.

“हाय एक. नवराबायकोनं जवळ यायचं ते कधीपासून, आन् कसं? पाय कुठवर चालंल?”

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. नर्स उगाच फायली लावू लागली.

“मनाई अशी काही नाही. जपून, म्हणजे झालं. आणि तुमच्या मुलीचं लग्न झालंय ना? मग आता कसली घाई?”

“मुलीच्या लग्नाचा अन् माझ्या खुब्याचा काय संबंध, डॉक्टरसाहेब?”

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

परतताना नगर नाका येईस्तोवर बद्रीनाथ रिक्षातून बाहेरच बघत राहिला. मग म्हणाला, “मला मान वर करायला जागा ठेवली नायस तू.”

“करा की वर. मी काय चोरी केली व्हय?”

तिच्या आवाजात ठसका होता. पण आपण फार पुढं तर गेलो नाही ना, असं तिला घर येईपर्यंत वाटत राहिलं. घरी आल्यावर मशीनवर बसली, दोन बाह्या जोडल्या, तेव्हा कुठं मन ठाम झालं. डॉक्टरला सांगता येत नव्हतं, तर ज्याला येतं त्याला विचारायचं.

व्यायाम शिकवायला दमयंती मॅडम होत्या. पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या, पण हात पैलवानाचे. बुधवारी व्यायाम संपल्यावर आशानं तोच प्रश्न त्यांना विचारला. मॅडमनी पडदा ओढला आणि दारही लावून घेतलं.

“इतकी वर्षं मी सांधे बदललेल्यांचे व्यायाम घेते,” त्या म्हणाल्या. “हे विचारणाऱ्या तुम्ही तिसऱ्या. सगळं सांगते. पण एकटीला नाही. मिस्टरांना घेऊन या.”

“ते यायचे नायत.”

“मग तुम्ही इथं शिकून घरी जाल, आणि ते घरी घाबरतील. उपयोग काय?”

बद्रीनाथनं ऐकताक्षणी नाही म्हटलं. “बाईमाणसासमोर बसून मी हे ऐकू? लोक काय म्हणतील?”

“लोकान्ला कोण सांगायला जातंय? तुम्ही?”

“आशा, जीव वाचला, पाय वाचला. आनखी काय पाहिजे तुला?”

ती ब्लाऊजचा गळा बेतत होती. कात्री खाली ठेवून ती त्याच्यासमोर उभी राहिली. “तीन वर्षं दुखण्यानं खाल्ली. तेव्हा मी कधी काय म्हणले नाय तुम्हाला. आता दुखणं गेलं. तुमच्या लाजंपायी आनखी किती वर्षं द्यायची, तेवढा आकडा सांगा.”

पुढच्या बुधवारी त्यानं शिफ्ट बदलून घेतली.

मॅडमसमोर तो खुर्चीच्या टोकावर बसला आणि पंख्याकडं बघत राहिला. मॅडमनी कपाटातून प्लास्टिकचा खुबा काढला आणि गोळा वाटीत फिरवून दाखवला. “हे बघा. मांडी पोटाकडं नव्वद अंशांच्या पुढं आली, किंवा गुडघा आत वळून दुसऱ्या पायावर गेला, तर गोळा मागून निसटू शकतो. एवढ्या दोन गोष्टी टाळा. बाकी सगळं मोकळं आहे.”

बद्रीनाथची नजर पंख्यावरून खाली आली. “नव्वद म्हंजी कुठून मोजायचं? धड आन् मांडी, ह्यांच्यातला कोन?”

“बरोबर.”

“आन् सूट किती? नव्वदला एक कमी चालंल, का त्याच्या लई अलीकडं थांबायचं?”

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. “सत्तरच्या आत राहा. मग चुकलात तरी जागा राहते.”

त्यानं खिशातला पेन काढला. मॅडम सांगत गेल्या, जसं एखादीनं बाळाला न्हाऊ घालायचं सांगावं तसं सरळ. आशानं उताणं झोपावं, मांड्यांखाली भक्कम उशी द्यावी, गुडघे एकमेकांपासून दूर असावेत. बद्रीनाथनं आपला भार स्वतःच्या कोपरांवर पेलावा, तिच्यावर टाकू नये. किंवा तिनं उजव्या कुशीवर वळावं, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी घ्यावी म्हणजे डावा पाय खाली घसरणार नाही, आणि त्यानं पाठीमागून जवळ यावं. त्यात कुणालाच ताण पडत नाही. पलंग फार खाली नको, गादी खचणारी नको. आधी गरम पाण्यानं आंघोळ करावी. रात्री अंग थकलेलं असतं, म्हणून दुपारी वेळ काढावा.

“आणि थांब म्हणायचा हक्क हिचा. हिनं म्हटलं की थांबायचं, मग पुन्हा विचारायचं. नुसतं जवळ पडून राहिलात, हातानं कुरवाळलंत, तरी तेही त्यातच आलं. परीक्षा नाही ही.”

बद्रीनाथनं सगळं लिहून घेतलं. घरी येताना तो गादीवाल्याकडं थांबला आणि कडक फोमचा तिरका कापलेला तुकडा घेतला. पलंगाच्या पायांखाली चार लाकडी ठोकळे दिले आणि आशाला काठावर बसवून गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतात का, ते तीनदा बघितलं. आशानं फोमला जाड खादीची खोळ शिवली.

आता द्वारकाबाई राहिल्या. बद्रीनाथ म्हणाला, आईला काहीतरी निमित्त सांगू. आशाला ते पटलं नाही. सासूला चहा देऊन ती समोर बसली.

“आत्या, तुम्ही माझं लई केलं. आता माझं मला होतंय. आजपासनं तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपा, ह्यांना आत येऊ द्या.”

द्वारकाबाईंना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसा त्यांनी कप खाली आदळला. “मांडीत लोखंड घातलंय अन् हिला हे सुचतंय! जावई आला घरात, तरी लाज नाय!”

“लाज हाय, आत्या. म्हणून तर दार लावून घेनार.”

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई कन्नडच्या गाडीत बसल्या. संध्याकाळी मोठ्या जावेचा फोन आला आणि तिनं आशाला जे ऐकवायचं ते ऐकवलं. आशानं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि भाकरी थापायला बसली. उंच ओट्यापाशी, उंच स्टुलावर. डोळ्यांत पाणी आलं होतं. ते तिनं मनगटानं पुसलं. झालेलं बोलणं मात्र तिनं मागं घेतलं नाही.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तिनं कडकडीत पाण्यानं आंघोळ केली. बद्रीनाथनं खिडक्या लावल्या, उशी ठेवली, हातानं दाबून बघितली. दोघंही नव्या नवरा-नवरीसारखे अवघडले होते. त्यानं तिच्या मांडीखाली उशी सरकवली, आणि त्याच वेळी आशाच्या मांडीत पेटका आला. ती “आई गं” म्हणाली मात्र, बद्रीनाथ उडून उभा राहिला. तोंड पांढरंफटक. सदरा उलटाच अंगात घातला, फोन शोधू लागला.

“कुणाला लावताय?”

“डॉक्टरला. निसटला असंल.”

“निसटला नाय. पेटका आलाय, चालून चालून येतो तसा. बसा इथं.”

तो बसला. मग बोलायला लागला. चार महिने जे बोलला नव्हता ते. ऑपरेशन चालू असताना त्याला आत बोलावलं होतं. डॉक्टरनं स्टीलच्या ट्रेमध्ये तिच्या खुब्याचं काढलेलं हाड दाखवलं होतं. पोखरलेलं, काळपट, रक्तात भिजलेलं. “बघून घ्या, म्हणाले, किती खराब झालं होतं. तवापासनं तुला हात लावला की तेच दिसतं, आशा. वाटतं, माझ्या हातानं आनखी काय तरी मोडंल.”

आशाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ह्याला आपलं अंग नकोसं झालंय, असं तिनं मनात धरलं होतं आणि त्या रागावरच ती इतकी भांडली होती. तिनं त्याचा हात धरून आपल्या खुब्यावरच्या लांब व्रणावर ठेवला.

“ते हाड गेलं. हे बघा, हे नवं. ह्याच्यावर मी जिना चढते. दाबा.”

त्यानं अलगद दाबलं. मग थोडं जोरात. मांडीतला पेटका उतरेस्तोवर तो तिची मांडी चोळत बसला. त्या दुपारी तेवढंच झालं. ती उजव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी, आणि तो पाठीमागं तिच्या केसांत तोंड घालून गाढ झोपलेला. चार महिन्यांत तो असा झोपला नव्हता.

पुढच्या सुट्टीला पुन्हा दुपार आली. ह्या वेळी तिनंच उशी लावली आणि तिनंच सांगितलं, थोडं मागं, आता ठीक, आता थांबा, आता या. तो प्रत्येक वेळी थांबला, आणि प्रत्येक वेळी तिनं त्याला पुन्हा बोलावलं. बाहेर गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. मग दोघंही कशाला तरी हसले, आणि हसता हसता आशाला हुंदका आला. तो घाबरला नाही. तिच्या पाठीवर हात ठेवून पडून राहिला.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “दुखलं का?”

“जरासं. उशी दोन बोटं जास्त होती.”

“मग?”

“मग काय? कमी करायची.”

ती काठावर सरकली, आधी उजवा पाय टेकवून सावकाश उठली आणि मशीनपाशी गेली. त्यानं फोम कापायला सुरी आणली. दोघांनी मिळून खोळीची शिवण उसवायला घेतली.